बुद्धीचा काउंट

आमच्या गिरणीत सुताचा नंबर काढतात. बाहेरच्या माणसाला नंबर म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. 840 वार सुताची एक हँक. एका पौंडात अशा चाळीस हँक बसल्या की ते चाळीस नंबरचं सूत. नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. लॅबमधला पोरगा रिळावर 120 वार सूत गुंडाळतो, काट्यावर टाकतो, आकडा वहीत लिहितो. काम सोपं. पण त्या खोलीची हवा बघा. 27 अंशांवर धरलेली, आर्द्रता 65 टक्के. का? तर कापूस हवेतलं पाणी पितो. दमट हवेत सूत जड भरतं, कोरड्या हवेत हलकं. म्हणून खात्यातून आणलेलं सूत लगेच मोजायचं नाही. काही तास त्या हवेत निवांत पडू द्यायचं, मग मोजायचं. मालकाचा लाखांचा माल असतो, तिथं हवेची चूक सुताच्या माथी मारून चालत नाही.

सुताला एवढी सवलत. माणसाच्या पोराला आहे का, हे गेले सहा महिने मी सुट्टीच्या दिवशी हिंडून बघतोय.

आक्काची थोरली पोरगी पाचवीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दाजी पॉवरलूमवर. मीटरामागं मजुरी, आठवड्याला हिशोब. एका शनिवारी दाजी मालकाची चिठ्ठी घेऊन आला, पोरगी भाकरी खात होती. चिठ्ठी उलटी धरून बघितली आणि म्हणाली, "पप्पा, सत्त्याऐंशी रुपये कमी दिल्यात." दाजीनं मोबाईलवर आकडेमोड केली. सत्त्याऐंशीच. सोमवारी मालकानं मुकाट्यानं दिले, वर विचारलं, "हिशोब कुणी केला?" दाजीनं सांगितलं नाही. शहाणा माणूस.

तिच्या गुरुजींनीच विषय काढला. म्हणाले, "हिची बुद्धिमापन चाचणी करून घ्या. हुशार पोरांसाठी वेगळ्या शाळा असतात, वेगळे वर्ग असतात, तिथं कागद लागतो." पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं 1962 पासून हे काम धरलं, 1969 साली खास बुद्धिमान मुलांसाठी शाळाच काढली, हे मला तेव्हा कळलं. म्हंजे साठ वर्षं ह्या राज्यात हुशार पोरं निवडायची रीत चालू आहे आणि आमच्या वस्तीत ती पहिल्यांदा ऐकू येतेय. आमच्याकडं पोरगं हुशार निघालं तर म्हणायची पद्धत एकच: लई बोलतंय.

आक्काचा विरोध होता. "शिकतीय की गुमान. नंबर कशाला काढायचा? कमी आला तर जन्मभर कपाळावर ऱ्हाईल." तिचं बोलणं अडाणी वाटेल, पण वाचत गेलो तसं कळलं, जगातल्या निम्म्या शास्त्रज्ञांपेक्षा आक्का शहाणी आहे.

पहिल्यांदा गेलो ते शहरातल्या एका खाजगी केंद्रात. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर रंगीत मेंदू. फी साडेचार हजार. माझ्या दहा दिवसांच्या हजेरीचे पैसे. टेस्ट कुठली, विचारलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, "इंटरनॅशनल आहे." भाषा? "इंग्लिश, पण मॅडम समजावून सांगतील." फॉर्म भरताना तिनं आडनाव वाचलं, मान वर केली आणि चारचौघांत, पोरगी शेजारी उभी असताना विचारलं, "कॅटेगरीत येता ना? मग तुम्हाला सवलत असतेच की. टेस्टची काय गरज?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि तिला घेऊन जिना उतरलो. स्टँडवर उसाचा रस पिताना तिनं विचारलं, "मामा, कॅटेगरी म्हंजे काय?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. महाडचं तळं, सातारची शाळा, 1900 सालातला 7 नोव्हेंबर, जेव्हा भिवा नावाचा पोरगा त्या शाळेत दाखल झाला. दहा वर्षांच्या पोरीला एवढं सांगायचं का, असं कुणी म्हणेल. काउंटरवरच्या बाईनं निम्मं सांगून टाकलंच होतं, उरलेलं निम्मं आपण सांगायला नको?

दोस्तहो, तो प्रश्न आणि टेस्ट यांचा संबंध काय, ते ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या पोरांवर एक प्रयोग केला, 2006 साली तो छापून आला. पोरांना कागदावरची कोडी दिली, चक्रव्यूहातून वाट काढायची. बरोबर सोडवलं की पैसे. सवर्ण पोरं आणि दलित पोरं एकत्र बसवली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोघांच्या कामात धरण्याजोगा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटात काय केलं? कोडी देण्याआधी एकेका पोराचं नाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. एवढंच. शिवी नाही, मार नाही. दलित पोरांचं काम घसरलं. हात तेच, डोळे तेच, पेन्सिल तीच. फक्त खोलीतली हवा बदलली.

आता काउंटरवरच्या त्या बाईचा प्रश्न परत वाचा. तिनं टेस्टच्या आधीच टेस्ट घेऊन टाकली होती.

मग मी वाचायला बसलो. दिवसपाळी सुटली की वाचनालय, रात्रपाळी असली की दुपारी. इंग्रजी अडखळत वाचतो, पण वाचतो. ही मोजणी सुरू कुठं झाली? पॅरिसला, 1905 साली. आल्फ्रेड बिने नावाचा माणूस. शाळेत मागं पडणारी पोरं हुडकायची आणि त्यांना जादा शिकवायचं, एवढ्यासाठी त्यानं आणि सिमोननं प्रश्नांची यादी केली. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला, न बदलणारा साठा आहे, हे बिनेला मान्य नव्हतं. शिकवून ती वाढते, असं तो म्हणत होता. 1911 ला मेला बिचारा, आणि त्याची पट्टी अमेरिकेत गेली. तिथं गोडार्डनं 1913 साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर आपली माणसं बसवली. जहाजाच्या तळच्या वर्गातून आलेले, समुद्रानं गळाठलेले, भाषा न कळणारे गोरगरीब. त्यातले निवडून त्यानं जे तपासले, त्यांच्यातले पाचांतले चार त्यानं मंदबुद्धी ठरवले. त्याच 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. एकाच शहरात एका बाजूला ही मोजणी चाललेली आणि दुसऱ्या बाजूला वाचनालयात आमचा बाप बसलेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती.

पुढं 1916 ला स्टॅनफर्डच्या टर्मननं पट्टी सुधारली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं सतरा लाखांवर सैनिकांना टेस्ट दिल्या. ब्रिगहॅम नावाच्या प्राध्यापकानं त्या आकड्यांवरून 1923 साली पुस्तक लिहिलं, की उत्तर युरोपातले गोरे वरचे, बाकीचे खालचे. 1930 साली त्यानंच लिहून टाकलं की माझे निष्कर्ष पायाशुद्ध नव्हते. सात वर्षांनी. मधल्या काळात, 1924 ला, परदेशी गरिबांना दार बंद करणारा कायदा होऊन गेला होता. आमच्याकडं मनूला हे काम करायला टेस्ट लागली नाही. तिकडं टेस्ट लागली, एवढाच फरक.

इथं आपल्यातला एक कार्यकर्ता मला म्हणाला, "मग सोड की. ही सगळी वरच्यांची काठी हाय. आपण तिला हात का लावायचा?" मी त्याच्याशी दोन तास भांडलो. कारण वाचनात दुसरीही बाजू सापडली होती. 1935 साली मार्टिन जेंकिन्स या काळ्या मानसशास्त्रज्ञानं आणि पॉल विटीनं शिकागोतल्या एका काळ्या मुलीची हकीगत छापली. वय नऊ. नाव छापलं नाही, फक्त एक अक्षर. तीच स्टॅनफर्डवाली पट्टी, आणि तिचा बुद्ध्यांक 200. ज्या पट्टीनं काळ्यांना खालचं ठरवायचं, तीच पट्टी त्यांनी उचलून तोंडावर मारली. आणि ज्या काळ्या पँथरांवरून 1972 साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, ते ओकलंडचे; पलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोत 1971 साली काळ्या पोरांच्या आईबापांनी सरकारवर खटला भरला. त्यांची पोरं टेस्टच्या आकड्यावरून मंदबुद्धींच्या वर्गात टाकली होती. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी त्याच पोरांची परत तपासणी केली. आधी पोरांशी गप्पा मारल्या, प्रश्न त्यांच्या बोलीत फिरवून विचारले, उत्तर वेगळ्या शब्दांत पण शहाणं असेल तर मार्क दिले. सगळ्या पोरांचे आकडे रेषेच्या वर गेले. 1979 साली न्यायाधीशानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सूत तेच. आधी हवेत पडू दिलं, एवढंच.

म्हणून मी मित्राला म्हणालो, काठी कुणाची आहे हे बघूच, पण कुणाच्या हातात द्यायची हे तरी आपण ठरवू.

मग दुसरी जागा. सरकारी दवाखान्याचा मनोविकार विभाग. दाजीनं नाव ऐकताच ताट सरकवलं. "येड्यांच्या लायनीत पोरीला हुबी करणार तू?" त्या लायनीत मी एकटा गेलो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आलेली पोरं, त्यांच्या आया, एसटीनं तीन तास बसून आलेल्या. त्यातली निम्मी आपलीच माणसं. कुणी येडं नव्हतं. एक पोरगं आईच्या पदराशी खेळत होतं, बस्स.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. दिवसभरात ही दुसरी गोष्ट चांगली झाली. पहिली, चहा पाच रुपयांत मिळाला. बाई सरळ बोलल्या. "इथं पोर किती खाली आहे ते मोजायला लोक येतात. किती वर आहे ते मोजायला आजवर दोघंतिघं आलीत. पण पट्टी तीच आहे, मी मोजीन. गर्दी नसते त्या दुपारी आणा, घाईत नको." मी विचारलं, टेस्ट कुठली? त्यांनी कपाट उघडून दाखवलं. एक बिने-कामत. धारवाडच्या डॉ. कामतांनी बिनेची पट्टी कानडी आणि मराठी पोरांवर बसवली, त्यांचं पुस्तक 1940 चं. अजूनही ठिकठिकाणी वापरतात. दुसरी मालीनची, नागपूरला तयार झालेली, 1969 ची. तिसरी भाटियांची, 1955 ची, ठोकळे आणि आकृत्या जुळवायच्या, बोलायचं कमी. चौथी रेव्हनची, इंग्लंडमधली, 1938 सालापासूनची, नुसत्या आकृत्या, शब्दच नाही.

बाई म्हणाल्या, "आकडा कुठल्या पोरांशी ताडून काढलाय, ते आधी विचारत जा. 1940 सालच्या पोरांशी आजच्या पोराला ताडलं तर आकडा फुगतो. आईबाप खूष होतात, शाळा तो धरत नाही." ही फुगण्याची गोष्ट जेम्स फ्लिन या माणसानं 1984 आणि 1987 साली दाखवून दिली. अमेरिकेत पिढ्यांमागून पिढ्या आकडे वाढत गेलेत, दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण. पन्नास वर्षांत माणसाचा मेंदू बदलत नाही. शाळा बदलते, खाणं बदलतं, कागदावरची आकृती बघायची सवय बदलते. आणि मजा बघा, सगळ्यात जास्त वाढ त्या रेव्हनच्या आकृत्यांत, जिला सगळे म्हणत होते की हिला शाळेचा, संस्कृतीचा वारा लागत नाही. म्हणून कुणी सांगितलं की ही टेस्ट जातपात, गरिबी यांच्या पलीकडची आहे, तर हसा. वारा सगळ्यांनाच लागतो. कुठल्या टेस्टला कमी, कुठल्या टेस्टला जास्त, एवढं बघायचं. शब्दांचे अर्थ आणि जगाची माहिती विचारणारी टेस्ट पुस्तकांच्या कपाटाला जास्त मार्क देते. आकृत्यांची टेस्ट थोडी बरी.

आणखी एक त्यांनी सांगितलं ते मी हातावर लिहून आणलं. आकडा हा एक आकडा नसतो, पट्टा असतो. 118 आला तर 118 च्या अल्याडपल्याड काही गुण. सगळ्यांची सरासरी 100 धरलेली. 130 च्या वर शंभरात दोनेक पोरं. त्यामुळं 129 वाला ढ आणि 131 वाला प्रज्ञावंत, असं जी संस्था म्हणते तिला मोजमाप कळत नाही. आमच्या लॅबमधल्या पोरालाही हे कळतं. तो एका लच्छीवर नंबर ठरवत नाही, पाचपंचवीस घेतो.

मी ठरवलं, इथंच. कारण सांगतो. फी नगण्य होती, पण ते शेवटचं कारण. बाई मराठीत टेस्ट घेणार होत्या. दोन बैठकीत घेणार होत्या. जातीचा रकाना भरून घेतला नाही. आणि आकडा कागदावर देण्याआधी आईबापाला समोर बसवून समजावणार होत्या. काचेच्या दारामागं यातलं काहीही नव्हतं.

पोरगी दोनदा गेली. पहिल्या दिवशी अर्धा तास बाईंनी टेस्टचं नावच काढलं नाही. लूम कसा चालतो ते तिच्याकडून ऐकून घेतलं, धोटा तुटतो कशानं, तेही विचारलं. आकडा किती आला ते मी इथं लिहीत नाही. आक्कानं तो कागद ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवलाय, आणि तो तिथंच बरा आहे. गुरुजींनी तो बघून नवोदयचा फॉर्म भरून घेतला. नवोदयला तर तो कागद लागतही नाही, त्यांची स्वतःची परीक्षा असते. सहावीसाठी, पाचवीत असताना, एकदाच बसता येतं. दोन तास, 80 प्रश्न, 100 मार्क. त्यातले निम्मे मार्क मानसिक क्षमतेला, आणि ते सगळे प्रश्न आकृत्यांचे. पेपर मराठीत मिळतो. निदान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या पोरांना, आणि आपल्या पोरांना राखीव जागा आहेत. राहणं, खाणं, पुस्तकं सरकारची. 1986 च्या शैक्षणिक धोरणापासून ही विद्यालयं आहेत. आपल्या किती वस्त्यांत फॉर्मची तारीख कळते?

तारीख. दोस्तहो, सगळी गोम तिथं आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्यात हुशार पोरांच्या वर्गासाठी शिक्षकांनी नाहीतर आईबापांनी नाव सुचवायचं, अशी रीत होती. ऐपतवाले खाजगी तज्ज्ञाकडून आकडा आणायचे. 2005 साली जिल्ह्यानं दुसरीतल्या झाडून सगळ्या पोरांना बिनशब्दांची एक टेस्ट दिली. कुणी सुचवायची वाट बघितली नाही. गरिबांची, काळ्यांची, स्पॅनिश बोलणाऱ्यांची कितीतरी पोरं निवडली गेली, जी आधी कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. पुढं पैसे आटले, ती टेस्ट मोडीत निघाली, आणि संख्या परत खाली आली. कार्ड आणि जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 साली हे मांडलं. पोरं होतीच. बघणारं कुणी नव्हतं.

आमच्या पोरीला बघणारे गुरुजी भेटले. तिच्या शेजारच्या घरातला पोरगा वर्गात तोंड उघडत नाही, त्याला कोण सुचवणार? हे मी बाईंना विचारलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सगळ्यांनाच बसवा. रविवारी मी येते. आकृत्यांची टेस्ट एकदम घेता येते."

वस्तीत बैठक झाली. आपल्या कार्यकर्त्यांचा उत्साह तुम्हाला माहीत आहे. लगेच बॅनर: भव्य बुद्धिमापन शिबिर, वर पाच जणांचे फोटो. मी म्हणालो, बॅनर लावला तर मी येणार नाही. बॅनरखाली बसवलं की पोरांना घाम फुटतो, आणि मग तो प्रश्नच होतो, कुणाचं पोरगं किती. अर्धा तास वादावादी. शेवटी ठरलं: फोटो नाही, भाषण नाही, आकडा कुणाचाही जाहीर नाही, ज्याच्या आईबापाशी बोलायचं त्यांच्याशी बाई एकेकट्या बोलतील. ज्यांचा आकडा खाली येईल त्यांच्याशी आधी. हे आक्कानं सुचवलं, आणि बिनेचं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊला, बुद्धविहारात. तिसरी ते पाचवीची सतरा पोरं आहेत. पोरांनी शनिवारी रात्री लवकर झोपायचं, सकाळी खाऊन यायचं. पोहे विहारातच केलेत तरी चालतील, त्याची वर्गणी काढलीय. पेन्सिली दोन डझन आणल्यात. सतरंज्या अपुऱ्या पडतील. ज्यांच्या घरी असतील त्यांनी शनिवारी संध्याकाळी आणून टाकाव्यात. माझी पाळी सहाला सुटते, मी तिथंच असेन.